शाळेतलं ताट: मद्रासच्या एक आण्यापासून आपल्या उसळीपर्यंत

गेल्या पावसाळ्यात एक आई आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. तक्रार नेहमीचीच होती. "डॉक्टर, हा काहीच खात नाही. भूक लागायचं एखादं टॉनिक लिहून द्या." मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत. वजन वयाच्या मानाने कमी, खालची पापणी ओढून पाहिली तर आतून फिकट, हिमोग्लोबिन 10.2. या वयात ते निदान साडेअकरा हवं. दिवसभरात काय खातो ते विचारलं. सकाळी चहा-बिस्कीट, संध्याकाळी पाच रुपयांची कुरकुरीत पुडी, रात्री वरण-भाताचे चार घास. भाजीला हात लावत नाही, उसळ बघितली की तोंड फिरवतो.

मग मी मुलालाच विचारलं, "आणि शाळेत काय खातोस रे?"

"मटकीची उसळ असली की दोनदा घेतो."

आईला ते खरं वाटेना. मुलगा मात्र अगदी सहज सांगत होता. मटकी तीच, मूल तेच. घरी ते ताट सरकवून देतं आणि शाळेत पुन्हा रांगेत उभं राहतं.

तुमच्याही घरात असं काही घडत असेल. याचं थोडं उत्तर वैद्यकशास्त्रात आहे आणि बरंचसं इतिहासात. शास्त्राचं आधी सांगतो, कारण ते छोटं आहे. 1980 साली लीन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बालवाडीतल्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. एखाद्या मुलाला जी भाजी नको असे, तीच भाजी आवडीने खाणाऱ्या तीन-चार मुलांच्या टेबलावर त्याला सलग चार दिवस बसवलं. कोणी आग्रह केला नाही, कोणी रागावलं नाही. चौथ्या दिवसापर्यंत बरीच मुलं स्वतःहून ती नावडती भाजी निवडू लागली. दुसरी गोष्ट अशी की नवा पदार्थ पहिल्या घासाला नाकारणं हा लहान मुलाचा स्वभावच आहे. तो पदार्थ पुन्हा पुन्हा, आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर यावा लागतो. आपण घरी दोनदा करतो, मूल खात नाही, मग "याला आवडतच नाही" असं म्हणून तिसऱ्यांदा करत नाही. शाळेत दर आठवड्याला मटकी येते आणि बाजूला बसलेला मित्र ती खात असतो.

पण भारतातल्या शाळेत ताट आलं ते आवडीनिवडीसाठी नव्हे. ते आलं भुकेसाठी.

एक आणा

आपल्याकडच्या शालेय जेवणाची नीट नोंद असलेली सुरुवात मद्रास शहरात सापडते. 16 सप्टेंबर 1920 रोजी मद्रास महापालिकेने ठराव केला की थाउजंड लाइट्स भागातल्या महापालिकेच्या शाळेत मुलांना दुपारचा अल्पोपाहार द्यावा आणि त्याचा खर्च दर मुलामागे दिवसाला एक आण्याच्या वर जाऊ नये. महापालिकेचे अध्यक्ष होते जस्टिस पक्षाचे त्यागराय चेट्टी. त्यांचं म्हणणं साधं होतं. या शाळेतल्या मुलांचे आईबाप गरीब आहेत आणि गरिबीमुळेच पट खाली येतो आहे. ब्राह्मणेतर चळवळीतून आलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसावं. ज्यांच्यासाठी शाळा काढायची, ती मुलं उपाशीपोटी वर्गात टिकत नाहीत.

प्रयोग चार आणखी शाळांत पोहोचला आणि दोन-तीन वर्षांत या शाळांचा पट दुपटीवर गेला. मग जे झालं ते वाचताना मला आजच्या फायलींची आठवण येते. प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून खाण्यावर खर्च करता येणार नाही, असा आक्षेप सरकारने घेतला आणि 1925 मध्ये योजना बंद पडली. मुलाच्या पोटात अन्न जाणं हे शिक्षण की दानधर्म, हा वाद तेव्हापासूनचा आहे. दोन वर्षांनी ती पुन्हा सुरू झाली हे खरं, पण मधल्या दोन वर्षांत जी मुलं शाळेतून गळली त्यांचं पुढे काय झालं, हे कुठल्याच कागदावर नाही.

यात एक गोष्ट डॉक्टर म्हणून मला महत्त्वाची वाटते. या संपूर्ण टप्प्यात मोजलं गेलं ते फक्त एकच, पटावरची संख्या. मुलांचं वजन वाढलं का, उंची वाढली का, हे कोणी विचारलं नाही. शाळेच्या ताटाचं यश हजेरीपटावर मोजायची सवय आपल्याला तिथून लागली आणि अजून पुरती गेलेली नाही.

कामराज आणि एमजीआर

पुढचं नाव के. कामराज यांचं. स्वतः कामराज यांची शाळा लहानपणीच सुटली होती. 1954 मध्ये ते मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. एक गोष्ट तमिळनाडूत घरोघरी सांगितली जाते. गावोगाव फिरताना त्यांना गुरं चारणारा एक मुलगा भेटला. "शाळेत का नाही गेलास?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "शाळेत गेलो तर जेवायला तुम्ही देणार का?" ही गोष्ट शब्दशः घडली असेल किंवा नसेल, पण 1956 मध्ये एट्टयपुरम इथून दुपारच्या जेवणाची योजना सुरू झाली, ही नोंद पक्की आहे. सुरुवातीला पैसा आला तो मुख्यतः लोकवर्गणीतून. गावाने धान्य द्यायचं, कोणी सरपण, कोणी भाजी. पुढे सरकारने खर्चाचा मोठा वाटा उचलला. शिक्षण खात्याचे संचालक एन. डी. सुंदरवडिवेलू यांनी शाळा सुधारणेसाठी गावोगाव परिषदा भरवून लोकांना यात ओढलं. गावाने आपल्या शाळेचं ताट आपलं मानायचं, ही कल्पना इथे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर राबवली गेली.

1961 पासून या कामाला 'केअर' या अमेरिकन संस्थेकडून धान्य, तेल आणि दूध पावडर मिळू लागली. इथे आपल्या महाराष्ट्राचीही आठवण येते. माझ्या वयाच्या वाचकांना बालवाडीतली सुकडी आठवत असेल. 1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतरही ती वाटली जायची. भाजलेल्या पिठाचा गोडसर भुगा, हाताच्या ओंजळीत घेतलेला. घसा कोरडा पडायचा, पण चव आजही जिभेवर आहे. भूक भागवायला ती उत्तम होती. तरी मदतीचं धान्य मुलांना आपल्या मातीतलं जेवण शिकवू शकत नाही. जहाजातून जे येईल ते शिजवायचं, असा तो काळ होता.

1 जुलै 1982 रोजी मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी तिरुचिरापल्लीजवळच्या पाप्पाकुरिची इथून 'पौष्टिक दुपारचं जेवण' योजना सुरू केली. ती अंगणवाडीतल्या दोन वर्षांच्या मुलापासून सुरू होत होती. वडील लवकर गेल्यामुळे स्वतः रामचंद्रन लहानपणी उपाशी राहिले होते आणि कोवळ्या वयात नाटक कंपनीत गेले होते. हे ते जाहीरपणे सांगत. अर्थतज्ज्ञांनी टीका केली. राज्याला हे परवडणार नाही, मतांसाठी पैसे उधळताहेत, कारखाने काढायचे सोडून भात शिजवताहेत, असं बरंच लिहिलं गेलं. सरकारं बदलली, पण एकाही मुख्यमंत्र्याला ही योजना बंद करता आली नाही. उलट प्रत्येकाने तीत भर घातली. 1989 मध्ये ताटात अंडं आलं, आधी पंधरा दिवसांतून एकदा. 2010 पर्यंत ते आठवड्यातून पाच दिवस मिळू लागलं. 2022 मध्ये तर सकाळची न्याहारीही सुरू झाली. स्वयंपाक आणि वाटपाच्या कामावर विधवा आणि निराधार बायकांना प्राधान्याने घेतलं गेलं, हा त्या योजनेचा मला सर्वांत आवडणारा भाग.

तीन किलो तांदळाचं गणित

आता आपल्या दाराशी येऊ. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्र सरकारने देशभरासाठी योजना जाहीर केली. शिजवलेलं जेवण देणं हाच हेतू होता, पण बहुतेक राज्यांनी सोपा रस्ता धरला. ज्या मुलाची हजेरी 80 टक्के, त्याला महिन्याला तीन किलो धान्य. महाराष्ट्रातही तांदूळ वाटला गेला. आज चाळिशीच्या आत असलेल्या अनेकांना पिशवी घेऊन शाळेतून तांदूळ आणल्याचं आठवत असेल.

डॉक्टरच्या नजरेने हिशोब करून बघा. महिन्याला तीन किलो म्हणजे दिवसाला शंभर ग्रॅम. हा तांदूळ घरी पाच माणसांच्या भातात गेला की मुलाच्या वाट्याला आले वीस ग्रॅम, म्हणजे शिजवल्यावर तीन-चार घास. डाळ नाही, भाजी नाही, तेल नाही. घराला मदत झाली, नाही असं नाही. पण ज्या मुलासाठी ते होतं, त्याच्या रक्तात किंवा हाडात त्यातलं फारसं काही उतरलं नसणार. आणि सवयीच्या दृष्टीने तर शून्य.

हे बदललं ते न्यायालयामुळे. 2001 मध्ये राजस्थानात दुष्काळ होता, माणसं उपाशी होती आणि अन्न महामंडळाची गोदामं भरून वाहत होती. 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 28 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयाने आदेश दिला की प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत वर्षातले किमान 200 दिवस शिजवलेलं जेवण द्या, त्यात किमान 300 कॅलरी आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं असली पाहिजेत. कोरडं धान्य देत असाल तर ते बंद करून जेवण शिजवा.

एका न्यायालयीन आदेशात प्रथिनांचे ग्रॅम लिहिलेले असावेत, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पुढे हे प्रमाण वाढलं. आज पहिली ते पाचवीच्या मुलासाठी 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं ठरलेली आहेत. त्यासाठी 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीसाठी 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं.

एप्रिल 2004 च्या आदेशात आणखी एक वाक्य होतं: स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना प्राधान्य द्या. हे वाक्य आरोग्याच्या लेखात कशाला, असं कोणी विचारेल. कारण अनेक ठिकाणी याच कारणावरून पालकांनी मुलांना ताटावरून उठवलं आहे, डबे परत पाठवले आहेत. एका पंगतीत बसून एकाच हातचं जेवणं ही आपल्या देशात साधी गोष्ट कधीच नव्हती. मुलं ती रोज करतात. मोठ्या माणसांनी मध्ये लुडबूड केली नाही, तर त्यांना त्यात काही विशेष वाटतही नाही.

शिजवलेल्या जेवणाने खरंच फरक पडला का? शंका अशी होती की शाळेत मिळतं म्हणून घरी कमी वाढतील. मध्य प्रदेशातल्या मुलांच्या आहाराचा बारकाईने अभ्यास करून फरझाना आफ्रिदी यांनी दाखवलं की तसं झालं नाही. शाळेतलं अन्न बहुतांशी मुलाच्याच पोटात भर घालत होतं. आंध्र प्रदेशातल्या एका अभ्यासात दिसलं की लहानपणी दुष्काळाचा फटका बसलेल्या मुलांची वाढ या जेवणामुळे बऱ्याच अंशी सावरली. आणि 2021 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात आलेला अभ्यास तर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लावावा असा आहे. ज्या मुलींना लहानपणी शाळेत जेवण मिळालं, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने चांगली भरली. त्या मुली जास्त शिकल्या, त्यांची लग्नं उशिरा झाली, मुलं उशिरा आणि कमी झाली, दवाखान्यात बाळंतपण झालं; असा हा सगळा गुंता आहे. आईने दहाव्या वर्षी खाल्लेल्या खिचडीचा हिशोब तिच्या बाळाच्या उंचीत लागतो, हे आम्हाला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

काळा दिवस

हा इतिहास गोडगोड सांगितला तर खोटा होईल. 16 जुलै 2013 रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेचं जेवण खाऊन 23 मुलं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेलं होतं. आपल्याकडे कापसाच्या पट्ट्यात काम केलेल्या प्रत्येक डॉक्टरने या गटातल्या विषाचे रुग्ण पाहिलेले असतात. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास कोंडतो. तासाभरात ॲट्रोपिन मिळालं तर माणूस वाचू शकतो. लहान मुलांना तेवढाही वेळ मिळत नाही.

त्यानंतर नियम कडक झाले. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याने जेवण चाखायचं आणि त्याची नोंद ठेवायची. हा नियम कागदावर सगळीकडे आहे. पण जेवण शिजवणाऱ्या बाईंना महाराष्ट्रात 2023 पासून महिन्याला अडीच हजार रुपये मिळतात, त्याआधी पंधराशे मिळत. पन्नास-साठ मुलांचा स्वयंपाक, भांडी, चुलीचा धूर आणि वर जबाबदारी. सुरक्षेच्या गप्पा मारताना हा आकडा आपण विसरतो.

भुकेकडून सवयीकडे

इथपर्यंतची सगळी गोष्ट पोट भरण्याची आहे. शाळेचं ताट मुलांना काय खावं हेही शिकवू शकतं, हे ज्या देशाने ठरवून करून दाखवलं तो जपान. त्यांची सुरुवातही गरिबीतूनच झाली. 1889 मध्ये यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावात, एका बौद्ध मंदिरातल्या शाळेत गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचं देण्यात आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही परदेशी मदतीची दूध पावडर आणि पाव होते, आपल्या सुकडीसारखेच. 1954 मध्ये त्यांनी शालेय जेवणाचा कायदा केला. भात मात्र शाळेच्या जेवणात रीतसर परत आला तो 1976 मध्ये. म्हणजे मदतीच्या पावावरून स्वतःच्या भातावर यायला त्यांनाही तीस वर्षं लागली. 2005 मध्ये त्यांनी 'आहार शिक्षणा'चा वेगळा कायदा केला आणि शाळांत पोषण शिक्षक नेमायला सुरुवात केली.

तिथे मुलंच पांढरे कोट आणि टोप्या घालून वर्गात जेवण वाढतात. शिक्षक त्याच वर्गात, तेच जेवण जेवतात. मुख्याध्यापक आधी चाखतात. जेवण झालं की भांडी मुलंच आवरतात. यात खर्चिक असं फार थोडं आहे. आपल्या पंगतीत वाढपी असतात, आधी नैवेद्य असतो, "सावकाश होऊ द्या" असतं. लग्नातल्या पंगती गेल्या आणि बुफे आला, तेव्हा आपण मुलांची जेवायची एक शाळाच बंद केली, असं मला अधूनमधून वाटतं. असो.

महाराष्ट्रात 'ताट आणि बालशिक्षण' एकत्र पाहणारी माणसं होतीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि मग कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. आंघोळ, नखं, केस, मग गाणी, खेळ. स्वच्छता आणि खाणं हे शिक्षणाआधीचं काम नसून तेच शिक्षण आहे, ही त्यांची धारणा. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्राने 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळालं ते हेच, अंगणवाडी.

आज आपल्या शाळेत काय चाललंय

जून 2024 मध्ये महाराष्ट्राने ताट बदललं. रोजच्या खिचडीऐवजी पंधरा पाककृती आल्या. पुलाव, मसालेभात, मूग-शेवगा वरण-भात, मोड आलेल्या मटकीची उसळ, नाचणीचं सत्त्व, तांदळाची खीर. कागदावर ही यादी मला डॉक्टर म्हणून मनापासून आवडते. भात आणि डाळ एकत्र आले की एकातल्या प्रथिनांची उणीव दुसरं भरून काढतं. कडधान्याला मोड आणले की त्यातलं लोह शरीराला थोडं सोपं होतं. वर लिंबू पिळलं तर आणखी. नाचणीत कॅल्शियम आहे आणि ती आपल्या डोंगरातली आहे, जहाजातून आलेली नाही.

अंड्याची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडं द्यायचा निर्णय घेतला. अंडं न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा निधी थांबला. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले, द्यायचे असतील तर शाळेने लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असं सांगण्यात आलं. अंड्यावरून धर्म, खाण्याच्या चालीरीती असे वाद झाले. ते मी इथे वाढवत नाही. फक्त एवढं सांगतो की एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं असतात, आणि देशव्यापी पोषण सर्वेक्षणात (2016-18) पाच ते नऊ वर्षांच्या 24 टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या 28 टक्के मुलामुलींना ॲनिमिया आढळला होता. ज्या घरात अंडं चालतं आणि परवडत नाही, त्या मुलासाठी शाळेतलं एक अंडं ही मोठी गोष्ट होती.

यात एक उफराटं चित्र मला दवाखान्यात दिसतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल उसळ खातं आणि महागडी फी भरणाऱ्या शाळेतलं मूल डब्यात नूडल्स, सँडविच आणि मधल्या सुट्टीत कॅन्टीनचा वडा. पहिलं मूल बारीक आणि फिकट असतं, तर दुसरं बाराव्या वर्षी साठ किलोचं आणि मानेवर काळे पट्टे. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही याची ती खूण. खासगी विनाअनुदानित शाळा या जेवणाच्या योजनेत येतच नाहीत. राज्याने 2017 मध्ये शाळांच्या कॅन्टीनमधून चिप्स, शीतपेयं असे पदार्थ काढायला सांगितलं. 2020 च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांनी तर शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकायला मनाई केली आहे. तुमच्या मुलाच्या शाळेच्या फाटकापासून पन्नास पावलं मोजून बघा, काय काय दिसतं ते.

आता कोणी म्हणेल, आम्ही काय करणार? तुमच्या हातात वाटतं त्याहून जास्त आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे ताट चाखायचा हक्क तुमचाच आहे. चव नोंदवहीत तुमच्या सहीची जागा आहे. शाळेत जाऊन ती वही मागा. दुपारी बाराच्या सुमाराला जा, मुलांच्या रांगेत बसून जेवा. खिचडीत डाळ किती दिसते, पाण्याची टाकी कधी धुतली, हे जेवताना कळतं, बैठकीत कळत नाही. अनेक शाळांनी मागे परसबाग केली आहे, शेवगा, पालक, मेथी, कढीपत्ता. वाढदिवसाला किंवा घरच्या कार्यानिमित्त शाळेतल्या मुलांना जेवण द्यायची 'स्नेहभोजन' ही सोयही योजनेतच आहे. केक आणि चॉकलेटं वाटण्यापेक्षा त्या दिवशी प्रत्येकाला एक उकडलेलं अंडं किंवा केळं आणि चार भुईमुगाच्या शेंगा द्या. शाळा खासगी असेल, तर पालकसभेत कॅन्टीनच्या यादीचा विषय तुम्हीच काढा. पहिल्या सभेत कोणी ऐकत नाही, असा अनुभव आहे. तिसऱ्या सभेपर्यंत ऐकतात.

त्या आठ वर्षांच्या मुलाला मी भुकेचं टॉनिक दिलं नाही. जंताचं औषध, लोहाचं औषध तीन महिने, आणि जेवताना चहा बंद, कारण चहा लोह अडवतो. आईला सांगितलं की मटकी आठवड्यातून दोनदा करा, त्याला एकट्याला वाढू नका, घरातल्या सगळ्यांनी त्याच्या बरोबर बसून तीच खा, आणि खाल्ली नाही तरी काही बोलू नका. तिसऱ्या महिन्यात ती आली तेव्हा हिमोग्लोबिन 11.6 होतं. उसळीचं विचारलं तर हसली. "खातो की. पण ताटात नको म्हणतो. शाळेतल्यासारखी वाटीत पाहिजे, आणि आधी बहिणीला वाढायची, मग त्याला."